लॉक सोडायला कोण येणार?

आमचे सीनियर सर नारायण पेठेतून हिंजवडीला स्कूटरवर येतात आणि माझा कोड छापून, पेन्सिल घेऊन तपासायला बसतात. कोड हॉस्पिटलातला सलाईनचा पंप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे ड्रायव्हरचा आहे. दोन कामं एकमेकांत घुसू नयेत म्हणून त्यात लॉक असतं: एक काम ते घेतं, आणि ते सोडेपर्यंत दुसरं थांबून राहतं.

"अहो, इथे लॉक घेतलंत. मध्येच एरर आली तर सोडायला कोण येणार, मी?"

"टेस्ट पास झाल्यात, सर," मी दमून म्हणतो. तीन आठवडे हेच चाललंय.

काल त्यांची पेन्सिल एका जुन्या ओळीवर थांबली. तिथे एरर आली की लॉक सुटतच नव्हतं. पंप जागीच अडकला असता.

"ही माझी नाही," मी घाईने म्हणालो.

"माझी आहे. नऊ वर्षांपूर्वीची." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "टेस्ट पास झाल्या होत्या."