स्क्रीनचा कोपरा आणि मागची भिंत

मी भित्री आहे, आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत तर जास्तच. तुमसरला तहसीलसमोर टिनाच्या शेडमध्ये बसून मी लोकांचे अर्ज टाईप करून देते. बपेऱ्याकडून कोणी सकाळची पहिली बस पकडून आलेलं असतं, आणि नेमका तेव्हाच स्क्रीनवर अपडेटचा गोल फिरायला लागला की मी माउसवरचा हात काढून घेते. त्यामुळे माझं मत ठरलेलं होतं, चालू आहे ना, मग हात लावू नका. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स फुकट मिळतं, चोरावं लागत नाही, हे मुलगी कितीदा तरी सांगायची. मी म्हणायची, ते बिघडलं तर कोणाकडे नेऊ? इथल्या दुरुस्तीवाल्यालाच ते येत नाही.

तिच्या लॅपटॉपवर दुकानदाराने टाकून दिलेलं विंडोज चोरीचं होतं. आमच्याकडे बहुतेकांचं असतंच. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं यायची, ही प्रत अधिकृत नाही म्हणून. छतावरच्या ओलीच्या डागासारखी ती आम्हाला दिसेनाशी झाली होती. मग तिला पुण्याच्या एका कंपनीची मुलाखत आली. घरूनच, व्हिडिओवर, आणि आपली स्क्रीन त्यांना दाखवत काम करून दाखवायचं. आमच्या घरात अशी नोकरी कोणाच्या वाट्याला आलेली नव्हती. त्या दिवशी ती अक्षरं मला एकदम मोठी दिसायला लागली. नोकरी द्यायला बसलेल्यांना पोरीचं काम दिसायच्या आधी चोरी दिसणार!

मी दुकानदाराकडे धावले. तो हसला. "ताई, सारं जग असंच चालवून राहिलं. अक्षरं नाई दिसली पाह्यजे ना? झाकून देतो."

मला हायसं वाटलं. घरी येऊन पाहते तर पोरीने आपलं काम पेन ड्राइव्हवर काढून घेतलं होतं, बाकी सगळं पुसलं होतं आणि लिनक्स टाकलं होतं.

"काहून हात लावला तू? चालू होतं नं!"

"झाकलं तरी माहं ध्यान कोपऱ्याकडंच राहिलं असतं, आई."

तिचं म्हणणं खरं होतं, पण भीतीला खरंखोटं कुठे कळतं? त्यात वायफाय पकडेना. शेजारच्यांचंही नाव दिसेना, आमचंही नाही. तिचे बाबा वरठीला ड्युटीवर, दुकानदार म्हणाला मी लिनक्सला हात लावत नाही, आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी. शेवटी तिने माझा फोन वायरने लॅपटॉपला जोडला आणि त्यावरून नेट चालू केलं. सकाळपासून तो फोन मी कोणाला शिवू दिला नाही. कुकरही लावला नाही, शिट्टी ऐकू जाईल म्हणून.

मुलाखतीच्या थोडं आधी तिने कॅमेरा लावून पाहिला. मी मागे उभी राहून स्क्रीनवर बघत होते. तिचा चेहरा छान दिसत होता. आणि तिच्या डोक्यावर, भिंतीवर, निळ्या कोटातली, हातात संविधान धरलेली आमच्या घरातली तसबीर, तीही स्वच्छ दिसत होती.

कॉलेजच्या वेळी नागपुरात तिच्यासाठी खोली पाहिली होती. खोली पसंत पडली, घरमालकीण चहाही देत होती. मग तिने आडनाव विचारलं. संध्याकाळी फोन आला, खोली दुसऱ्याला दिली. तो चहा मला आठवला. मी स्टूल ओढलं, वर चढले.

"एका घंट्यापुरती काढून ठेवतो, बेटा. मंग लावून देऊ."

ती वळली नाही. स्क्रीनमध्येच माझ्याकडे बघत म्हणाली, "काढाचं होतं ते मी काल काढलं. हे राहू दे."

तेवढ्यात लॅपटॉपमधून कोणीतरी तिचं नाव घेतलं. मी स्टुलावरून उतरून स्वयंपाकघरात गेले.

पडद्याआडून ऐकत होते. टाईपिंगपुरतं इंग्रजी मला येतं. तिने स्क्रीन दाखवल्यावर एका माणसाने विचारलं, हे लिनक्स कधीपासून वापरता? माझ्या मनात आलं, सांग बाई, वर्षानुवर्षं वापरते म्हणून सांग. ती म्हणाली, कालपासून. आधीची प्रत चोरीची होती, ती तुम्हाला दाखवायची लाज वाटली.

पलीकडे शांतता. नेट गेलं की नोकरी गेली, मला कळेना. मी ओट्याची कड घट्ट धरून उभी राहिले. मग तो माणूस म्हणाला, बरं, आता काम दाखवा.

नोकरी मिळाली. पत्र आलं त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हटलं, तू लय हिंमतवान, माझ्यावर नाही गेलीस.

"मलेबी भेव लागत होतं, आई," ती म्हणाली. "तू अजून एकदा म्हटली असती, तर मी तसबीर काढू देली असती."

मी दुसऱ्यांदा म्हणणारच होते. तेवढ्यात मुलाखत सुरू झाली, एवढंच.