सेथ कुणाकडे झेपावतो

बेट्सी डक्सबरी इंग्लंडातल्या प्रेस्टनच्या कापडगिरणीत माझ्या शेजारच्या मागावर होती. हात चपळ, जीभ त्याहून चपळ, आणि मत्सर असा की समोरच्या खिडकीत नवा पडदा लागला तरी हिला चहा कडू लागायचा. पण तिची दोन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली होती, म्हणून आम्ही तिचं सगळं ऐकून घ्यायचो. मुलं आमच्या गल्लीत सगळ्यांचीच जायची. तिची लागोपाठ गेली.

तिसरा सेथ. बेट्सी कामावर असली की त्याला गल्लीतली म्हातारी नॅन सांभाळायची. दुपारच्या सुट्टीत ती त्याला कडेवर घेऊन फाटकाशी आणायची, आणि बेट्सी पायरीवर बसून शालीखाली पाजायची. पोट भरलं की सेथ लगेच नॅनकडे झेपावायचा.

"बघा मेल्याला! दूध माझं आणि जीव हिच्यावर."

आम्ही हसायचो. बेट्सी हसत नसे. एके दिवशी सेथ नॅनला चक्क "मम", म्हणजे आई, म्हणाला. दुसऱ्या दिवशी बेट्सीने त्याला पैसे घेऊन पोरं सांभाळणाऱ्या मिसेस गॉर्सकडे नेऊन ठेवलं.

"अगं, ती पोरांना झोपवायला अफूचं औषध पाजते," मी म्हटलं.

"कोण पाजत नाही? निम्मी गल्ली पाजते. तिच्याकडे पोर कुणाला चिकटत तरी नाही."

आता फाटकाशी सेथ गप्प यायचा. गॉर्सबाईकडे वळूनही बघायचा नाही. बेट्सीला कोण आनंद! नॅन रस्त्यात दिसली की ही मुद्दाम सेथला छातीशी धरून तिच्यासमोरून जायची. पण हळूहळू सेथ दूध ओढेनासा झाला. तोंड लावायचा आणि तसाच झोपायचा. मनगटं काडीसारखी झाली.

एका दुपारी बेट्सीने त्याची हनुवटी हलवली, गाल चोळले, पण डोळे उघडेनात. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"आमची रूथ जाताना अशीच गप्प झाली होती," ती म्हणाली आणि उठली. घंटा झाली, मुकादम ओरडला, तरी थांबली नाही. मी तिच्यामागे धावले. तिने नॅनच्या दारावर लाथ मारली.

"घे, मेले. तुझा होऊ दे. पण राहू दे."

नॅनने दोघांकडे पाहिलं. "आधी आत ये. पाजायला तूच लागशील, माझ्याकडे काय उरलंय?"

सेथ वाचला. गेल्या हिवाळ्यात नॅन गेली, तेव्हा हा एवढा मिशीवाला बाप्या शवपेटीला खांदा देताना हुंदके देत होता. बेट्सीने माझं कोपर धरलं.

"कसा रडतोय बघ. माझ्या वेळी याच्या निम्मं तरी रडेल का?"

"तुझी जीभ आठवली तर नाही रडायचा."

तिने शाल घट्ट ओढली. सेथवरची नजर मात्र काढली नाही.

"नाही रडला तर नाही. मला पोचवायला हा असेल ना?"