गोठ्यात गोचीड नाही

पाहुणे यायचे म्हणून माणसं अंगण झाडतात, पितळेची भांडी घासतात. कोळवणच्या त्या घरानं मी यायची म्हणून गाई-म्हशी घासून ठेवल्या होत्या. कुणाच्याही अंगावर एक गोचीड दिसेल तर शपथ. आणि मी पुण्याहून तिथवर गेले होते ती फक्त गोचिडांसाठी.

माझं कामच ते. जनावरांच्या अंगावरचे गोचीड चिमट्यानं अलगद काढायचे, स्पिरिटच्या नळीत टाकायचे आणि प्रयोगशाळेत त्यांच्यात तापाचे जंतू आहेत का ते शोधायचं. हे जंतू माणसाच्या रक्तात गेले तर ताप हटत नाही, आणि वेळेवर ओळखलं नाही तर माणूस हातचा जातो. मुळशीतली बरीच गावं आम्ही अशी पालथी घातली होती. माहेरी सांगायची सोय नाही. आईला वाटतं मी जनावरांची डॉक्टर आहे, म्हणजे निदान इंजेक्शन तरी देत असेन.

गोठ्याच्या दाराशी त्या घरच्या सासूबाई उभ्या होत्या. काटक बाई, पदर घट्ट खोचलेला. ‘‘बघा कुटं बी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या गोठ्यात गोचीड न्हाई.’’ त्या गावात हे असंच आहे. ज्या घरच्या गाईला गोचीड, त्या घरच्या बायका आळशी, हे चारचौघांत बोललं जातं. त्यांचा मुलगा माणच्या आयटी कंपनीची गाडी चालवायचा, दिवसभर बाहेर. गोठा सगळा सासू-सुनेवर, आणि गोठ्याचं नावही.

मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. गाईच्या कानात बोटं घालून, शेपटीखाली डोकं खुपसून कसेबसे थोडे गोचीड मिळवले. सून शेजारी बसून गाईला चुचकारत होती. हसरी पोरगी, लग्नाला फार दिवस झालेले नव्हते. हळूच म्हणाली, ‘‘ताई, काल सकाळधरनं मी हेच करतीया. बाई येनार, लोक काय म्हनतील, म्हनून आत्यांनी बसवलं.’’

‘‘कशानं काढलेस?’’

‘‘हातानं की. वढायचं आन नखावर फोडायचं. निम्मं चुलीत टाकलं, निम्मं तसंच.’’

अंगठ्याच्या कडेला तिची कातडी सोललेली होती. मी तिला चांगलंच झापलं. नखावर फोडायचं नाही, त्यातले जंतू सोललेल्या कातडीतून आत जातात, चिमटा घ्यायचा, हात साबणानं धुवायचे. ती ‘व्हय व्हय’ म्हणाली. सासूबाईंनी मला चहा दिला, वर तांदळाची भाकरी आणि सुकट खायला घातली. निघताना मी म्हटलं, पुढच्या वेळी मला घाणेरडी गाय दाखवा. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या घरच्या मुलाचा फोन आला. मला वाटलं तपासणीचं विचारतोय. त्याचा आवाज बसला होता. बायकोला दवाखान्यात ठेवलंय, ताप उतरत नाही, डेंग्यू नाही निघाला, मलेरिया नाही निघाला. ‘‘म्याडम, पुण्यात मोठ्या हॉस्पिटलात कुनी वळखीचं हाय का? हितले डॉक्टर म्हनत्यात, हलवा.’’

‘‘अंगावर पुरळ आहे?’’

‘‘हाय ना. लाल ठिपके.’’

‘‘तळहातावर? तळपायावर?’’

तो बघायला गेला. फोन चालूच होता. कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला, सलाइनची बाटली बदलताना कुणी तरी काहीतरी बोललं. मग तो म्हणाला, ‘‘व्हय. दोन्हीकडं.’’

गोचिडांच्या तापाचं पुरळ तळहाता-तळपायांवरही उठतं. त्या घरचे गोचीड अजून शीतकपाटातच होते. त्यांचा नंबर यायला वेळ होता. मी ते बाहेर काढून सहकाऱ्याच्या हातात दिले आणि म्हटलं, आधी हे कर. आमचे सर जवळच होते. ते शांतपणे म्हणाले, ‘‘रिपोर्ट घेऊन जा. रिकाम्या हातानं गेलीस तर तो डॉक्टर तुला का विचारेल?’’ त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण तपासणीला उद्या उजाडलं असतं आणि त्या पोरीला उद्यापर्यंत वेळ आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गाडीची किल्ली उचलली.

चांदणी चौकात गाड्या अडकल्या होत्या, भूगावात त्याहून जास्त. स्टिअरिंगवर हात आपटण्याखेरीज मला काही करता येत नव्हतं. वाटेत मुलाला दोनदा फोन केला. डॉक्टरांना सांग, तिनं नखानं गोचीड फोडले होते. तो म्हणाला, आई नको म्हनतीया. मला ऐकू आलेलं खरं वाटेना.

दवाखाना छोटा होता, रस्त्याला लागून. दाराशी अँब्युलन्स येऊन उभी. खोलीत भावकीतल्या दोन बायका आल्या होत्या, हातात नारळपाणी घेऊन. पोरगी खाटेवर पडलेली. मी तिला ओळखलं नाही. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर खपल्या. कुणी हाक मारली की काहीतरी पुटपुटायची, त्याला अर्थ नसायचा. मी तिचा तळहात उलटा केला आणि मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही.

डॉक्टर तरुण होता, जागरणानं केस पिंजारलेला. मी कोण ते सांगितलं, पोरीनं नखानं गोचीड फोडल्याचं सांगितलं, गोचीडतापाचा संशय सांगितला. त्यानं माझं पूर्ण ऐकून घेतलं, हे त्याचं मोठेपण. मग म्हणाला, ‘‘मॅडम, मी ॲडमिट करतानाच विचारलं होतं. जनावरं आहेत का, गोचीड आहेत का, चावलं का काही. घरचे स्पष्ट नाही म्हणाले. कागदावर तसंच आहे. पुरळ तर कशाचंही असू शकतं. तुमच्याकडे रिपोर्ट आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बघा. पेशंट आता हलवायचा आहे. घरचेच गोठ्यात गोचीड नाही म्हणतात, तिथं तुमच्या एकटीच्या शब्दावर मी उपचार कसे बदलू?’’

मी सासूबाईंकडे वळले. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडावर.

‘‘मावशी, सांगा यांना.’’

‘‘काय सांगू? आमच्या गोठ्यात गोचीड न्हाई. कुनाला बी इचारा.’’ हे त्या मला सांगत नव्हत्या. नारळपाणी घेऊन उभ्या असलेल्या दोघींना सांगत होत्या. त्यातली एक मान डोलावून म्हणाली, ‘‘लई सोच्छ घर हाय तेंचं.’’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, या बाईला खांद्याला धरून हलवावं. पण ओरडले असते तर ती आणखी घट्ट झाली असती, एवढं मला कळत होतं. बाहेर ड्रायव्हरनं अँब्युलन्सचं मागचं दार उघडलं. पुण्यापर्यंतचा रस्ता मी नुकताच बघून आले होते. मी सासूबाईंच्या अगदी जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘मावशी, ती वाटेत जाईल.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाटेकडे. पोरीचा हात चादरीबाहेर लोंबत होता.

‘‘व्हते,’’ त्या म्हणाल्या. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या, या वेळी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. ‘‘लई व्हते. म्हशीच्या कासंला, गाईच्या कानात, समदीकडं. मीच हिला बसवली काढाया. ह्या बाई येनार व्हत्या म्हनून. दीसभर नखानं फोडत व्हती. हाताला रगत लागलं तरी उठू दिली न्हाई मी.’’

भावकीतल्या बायका खाली बघू लागल्या. डॉक्टरनं पोरीचा अंगठा उजेडात धरला, सोललेली कड अजून भरली नव्हती. मग त्यानं नर्सला हाक मारली आणि औषधाचं नाव सांगितलं. साधं औषध, कुठल्याही दुकानात मिळणारं. अँब्युलन्सला त्यानं थांबायला सांगितलं. रक्ताची एक नळी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली, पण तिच्या उत्तराची वाट बघितली नाही.

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. आम्ही बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी ताप थोडा खाली आला, पुन्हा चढला, मला वाटलं उशीर झाला. तिसऱ्या दिवशी मुलानं फोन केला आणि नुसता रडला. मी घाबरून विचारलं, काय झालं? तो म्हणाला, ‘‘भाकर मागतीया.’’

मोठ्या प्रयोगशाळेनं रक्तात गोचीडतापच सांगितला, तोवर ती घरी गेली होती. आमच्या प्रयोगशाळेतलं उत्तर मात्र वेगळं होतं. त्या गाईच्या कानातून मी काढलेल्या गोचिडांत काहीही सापडलं नाही. सहकाऱ्यानं दोनदा तपासलं, मग मी स्वतः तपासलं. ज्यांच्यात जंतू होते ते चुलीत गेले होते, नाहीतर नखाखाली.

हे सांगायला मी कोळवणला गेले. पोरगी ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती, मनगटं काटकीएवढी. निकाल ऐकून सासूबाईंचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी त्या ताठ बसल्या. ‘‘म्हंजे आमच्या गोचिडांत काय न्हाई निघालं?’’

‘‘मी नेलेल्यांत नाही निघालं.’’

‘‘मग तसं कागदावर लिवून द्या. भावकीत दाखवाया व्हईल.’’

मी चिडणार होते. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नाही. त्या दिवसापासून गावात त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल ते मला दिसत होतं. मी म्हटलं, ‘‘मावशी, देते. पण एक ऐका. हाच कागद त्या दिवशी माझ्या हातात असता, तर मी डॉक्टरला तोच दाखवला असता. त्यात लिहिलंय, काही नाही. तुम्हीही म्हणत होता, काही नाही. त्यानं दोघींचं ऐकलं असतं आणि हिला गाडीत घातलं असतं.’’

सून मान खाली घालून खडे वेचत राहिली. मग सासूबाई उठल्या, तिच्या मांडीवरचं सूप काढून घेतलं आणि तिच्या शेजारी टेकून स्वतः निवडायला लागल्या.

‘‘कागद ऱ्हाऊ द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ही हाय न्हवं.’’