आप्पा पिक्चरमध्ये झोपले: बेळगाव-निपाणी, दोन दिवस

वैशालीचा फोन आला तेव्हा मी कैरीचं लोणचं घालत होते. "शनिवारी पिक्चर दाखवतायत माझा, बेळगावात. आली नाहीस तर परत तोंड दाखवू नकोस." आमच्या वैशीचा पिक्चर म्हणजे हिरो-हिरॉइन नव्हे, माहितीपट. निपाणीजवळच्या तिच्या गावात आप्पा आणि आक्का म्हणून एक जैन शेतकरी जोडपं आहे. त्यांच्या तंबाखूच्या शेतात ती वर्षभर कॅमेरा घेऊन ठिय्या देऊन बसली होती. असले माहितीपट थेटरात कोण लावणार? खासबागेत चित्रकलेच्या एका निवृत्त सरांनी छोटी आर्ट गॅलरी काढलीय, तिथं ते हौसेनं दाखवतात. कॉलेजपासूनची मैत्रीण, वर बेळगावचा कुंदा. बरणीला दादरा बांधला आणि मी पिशवी भरायला घेतली.

फोन ठेवता ठेवता ती खरं काय ते बोलली. पिक्चरमध्ये आक्का एक गोष्ट बोलतात, जी आप्पांनी लग्न झाल्यापासून ऐकलेली नाही. काढून टाकू का, असं वैशीनं विचारलं होतं. आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. घरात माझं तोंड उघडत न्हाय. चार माणसांत तरी ऐकतील." आणि आप्पा भर कार्यक्रमातून उठून गेले तर? वैशीला त्याच काळजीनं जेवण जात नव्हतं.

पुण्याहून थेट बेळगावची गाडी मिळते, पण मी मुद्दाम कोल्हापूरला उतरून मिसळ खाल्ली आणि मग कर्नाटकची लाल बस धरली. तुम्हीही असंच करा. कागलच्या पुढं हद्द कधी ओलांडली ते दुकानांच्या पाट्यांवरूनच कळतं, बोलणं तेच राहतं. त्या बसमध्ये तिकडच्या बायकांना प्रवास फुकट आहे. कंडक्टरनं माझं आधार कार्ड पाहिलं आणि हसत परत दिलं. "हे महाराष्ट्राचं. तुम्ही तिकीट घ्या, ताई." शेजारच्या म्हातारीला माझी दया आली. "हिकडंच ऱ्हायला ये की गं. लई फिरशील." निपाणी, संकेश्वर, हत्तरगी करत दुपारी बेळगावात पोचले. मे महिना असून हवा पुण्यापेक्षा कितीतरी बरी होती.

खासबाग म्हणजे विणकरांची वस्ती. अजूनही एखाद्या गल्लीत मागाचा खडखडाट ऐकू येतो. गॅलरीही मागाच्या जुन्या शेडमध्येच आहे. पांढऱ्या भिंती, त्यावर सरांच्या विद्यार्थ्यांची चित्रं, पन्नासेक प्लास्टिकच्या खुर्च्या. प्रवेश मोफत, दारात एक डबा, वाटेल ते टाका.

आता गंमत ऐका. जैन मंडळी सूर्य मावळायच्या आत जेवतात, नंतर घास नाही. गावाहून आप्पा-आक्का आणि भावकी अशी जीप भरून माणसं येणार, म्हणून वैशीनं पिक्चर दुपारी चारला ठेवला होता. म्हणजे बघून झालं की उजेडात जेवायला मोकळे. नियोजन म्हणजे काय विचारू नका! चारला प्रोजेक्टर लावला आणि पडद्यावर काहीच दिसेना. वर बघितलं तर छपरात काचेची कौलं, त्यातून ऊन थेट पडद्यावर. आजवरचे सगळे खेळ संध्याकाळनंतरचे, त्यामुळे सरांच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, "माग चालवायला उजेड लागतो हो. शेड बांधताना पिक्चरचा विचार कोण करणार?" घोंगडी, ताडपत्री, सगळं सुचवून झालं, पण त्या छपरावर चढणार कोण?

तोडगा आक्कांनीच काढला. ठसठशीत कुंकू, हिरवं इरकल, आवाज एवढासा. "आधी जेवूया. मग अंधार पडंल तवा बघूया." त्यांनी गावाहून डबे भरून आणले होते. अंगणात सतरंज्या पडल्या. जोंधळ्याची भाकरी, दोडक्याची भाजी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, दही आणि पातेलंभर आमरस. कांदा-लसूण नसलं की मला जेवल्यासारखं वाटत नाही, पण त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. कॉलेजची पोरं, चित्रकार, येळ्ळूरहून आलेले एक रिटायर मास्तर, सगळे एका पंगतीत. पांढरी टोपी घातलेले आप्पा आग्रह करत फिरत होते. माणूस लाघवी. मला म्हणाले, "पुण्याच्या पाव्हण्या, रस वाटीनं खात्यात व्हय? वता ताटात!" स्वतःही त्यांनी हात राखला नाही. हा माणूस भडकेल यावर माझा विश्वास बसेना, पण वैशी भिंतीला टेकून नुसती बोटं मोडत होती.

अंधार पडला, पिक्चर सुरू झाला. पहिल्या दृश्यात आप्पा बैलांशी बोलताना दिसले आणि हशा पिकला. आप्पा खूश. मग रोपं लावली, पाऊस झाला, पानं वाढली. आता आक्का बोलणार म्हणून मी हळूच वळून पाहिलं तर आप्पांची हनुवटी छातीवर. टोपी खाली घसरलेली. आमरसानं आपलं काम चोख केलं होतं.

पडद्यावर चुलीपुढं आक्का. दोन्ही तळवे कॅमेऱ्यापुढं धरून सांगत होत्या, "शेंडं खुडताना चीक लागतो. साबण लावा, चिंच लावा, कडूपणा जात न्हाय. आमच्या घरात तंबाखू कुणी खात न्हाय, धर्मात बसत न्हाय. मी मातर रोज खाते. भाकरीबरोबर." मग म्हणाल्या, "बास झालं आता. औंदा लावू नका."  आप्पा मात्र घोरत होते. मला रडावं का हसावं तेच कळेना. आक्का सरळ समोर बघत बसल्या होत्या.

दिवे लागले, टाळ्या झाल्या, आप्पा जागे होऊन सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवू लागले. येळ्ळूरच्या मास्तरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मग आप्पा, औंदा तंबाखू लावणार का?"

"लावणार की. का वो?"

कोणी हसलं नाही. आप्पा गोंधळून इकडंतिकडं बघू लागले. तेवढ्यात आक्का उठल्या. पदर सावरून सरांना म्हणाल्या, "तेवढं परत लावा. ह्यांनी बघितलं न्हाय." आणि मग नवऱ्याकडं वळून, "ह्या खेपेला झोपू नका."

सरांनी तेवढाच भाग परत लावला. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बघितलं. संपल्यावर एवढंच म्हणाले, "जीप काढा." वैशी माझा हात इतका घट्ट धरून होती की दुखायला लागला.

दुसऱ्या दिवशी कुंद्याचे दोन डबे घेऊन आम्ही परतीला लागलो आणि निपाणीला उतरून धीर करून गावात आप्पा-आक्कांच्या घरी गेलो. आक्कांनी उप्पीट केलं होतं. आप्पा बाहेरच्या सोप्यात बसलेले, डोळे लाल. वैशीला पाहून म्हणाले, "ये गं पोरी, बस." तिनं इतक्या जोरात श्वास सोडला की मला हसूच आलं.

"वाटंत म्हटलं हिला, इतकी वर्सं का बोलली न्हाईस?" आप्पा सांगू लागले.

"इचारलं कवा?" आक्का आतून म्हणाल्या.

मग घासाघीस सुरू झाली. निम्मं सोयाबीन लावतो, निम्मा तंबाखू ठेवतो, आप्पांची बोली. "आन खुडायला कोण?" आतून प्रश्न. आप्पांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "मी जातो. तू शेतात पाय ठेवू नकोस." आक्का बाहेर आल्या. आम्हाला चहा दिला.

घरी आले, कुंदा दोन दिवसांत संपला. नवऱ्यानं विचारलं, पिक्चर कसा होता? मी म्हटलं, छान होता, पण एका पिक्चरनं काय होतंय? खरंच तसं वाटत होतं मला. पडद्यावर टाळ्या मिळतात आणि शेतात पीक तेच राहतं. म्हणून तेव्हा लिहायला बसलेच नाही.

परवा आक्कांचा फोन आला. शेंडे खुडायचे दिवस आलेत. कबूल केल्याप्रमाणे आप्पा स्वतः सरीत उतरले. पहिल्या दिवशी घरी येऊन हात धुतले, परत धुतले, ताटावर बसले. एक घास तोंडात घातला आणि स्वतःच्या बोटांकडं बघत बसले. मग म्हणाले, "पुढच्या वर्सी एक काडी न्हाय."

"मग तुम्ही काय म्हणालात, आक्का?" मी विचारलं.

"काय म्हणणार गं? उपाशी होते. चमचा दिला."