रविवारची गोळी

त्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर बसलो होतो. तिनं माझ्यापुढे हात केला.

"द्या एक," म्हणाली.

मी खिशातून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. दोनच उरल्या होत्या. एक तिला दिली, एक मी तोंडात टाकली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. त्यात सांगण्यासारखं काय आहे असं कोणीही म्हणेल. तेव्हा मलाही काही वाटलं नाही, आणि माझा सगळा राग त्याच गोष्टीवर आहे.

आधी गोळीचं सांगतो. हिरवी, गोल, चघळायची गोळी. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यामुळे पाकिटावरचं मीच तिला वाचून दाखवलं होतं. ज्येष्ठमध, अद्रक, तुळस. तिला अक्षर येत नव्हतं, पण पाकिटावरचं तुळशीचं पान तिनं माझ्याआधी ओळखलं. त्या पानानं आमच्या घरात दोन कायदे आले. पहिला, गोळीला दात लावायचा नाही. तुळशीला दात लावत नाहीत, तोंडात ठेवायची आणि विरघळू द्यायची. दुसरा, रविवारी गोळी घ्यायची नाही, कारण रविवारी तुळस तोडत नाहीत.

मला चघळायचा धीर नाही. मी कडाकडा फोडायचो.

"दात लावू नका म्हनलं ना! पाप लागते."

"अवं, ही कारखान्यातली तुळस हाय. हिले कायचं पाप अन् कायचा वार?"

"कारखान्यात काय आभाळातून पडते का तुळस? कोन्या अंगनातूनच तोडली असंन."

ती रविवारी दिवसभर खोकायची, पण गोळी तोंडात घालायची नाही.

खोकला कुठून आला ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या वर्षी कापसाचा भाव पडला. गावात सगळ्यांनी माल घरात भरून ठेवला, मीही भरला. आमचं घर दोन खोल्यांचं. मागची खोली आढ्यापर्यंत भरली, उरलेला कापूस समोरच्या खोलीत आला, तो आमच्या खाटेला टेकला. घराला खिडकी एकच, ती मागच्या खोलीत. ती कापसाआड गेली. खोलीत जास्त माल मावावा म्हणून कापूस पायांनी तुडवून बसवावा लागतो. माझे गुडघे गेलेले, म्हणून तुडवला तिनं. वर आढ्याला धरून ती नाचल्यासारखी तुडवायची आणि मी खालून बांबूचे डाले भरभरून द्यायचो. धूळ अशी उडायची की तिचे पाय दिसत नसत.

"अंदर चुलीवानी गरम होते," ती वरून ओरडायची.

"मंग उतर. बाकीचं मी पाहतो."

"तुमी पाहान अन् मीच तुडवीन. द्या डालं."

पौषात, मागची खोली अजून भरत होती तेव्हाच, खोकला सुरू झाला. आधी कोरडा. मग अंगाला खाज. कापूस घरात फार दिवस राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि चावतात, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत आहे. ती म्हणाली, "हा कापूस काढा इथून. मले दम घेता येत नाई."

मी गोळ्या आणल्या.

पुन्हा आठ दिवसांनी म्हणाली, कापूस काढा. मी पुन्हा गोळ्या आणल्या. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. तिनं कापूस काढा म्हटलं की मी गोळ्या आणायचो, एवढंच खरं. आणि गोळीनं बरं वाटायचं, हीच तर भानगड! घसा मऊ व्हायचा, घटकाभर खोकला थांबायचा, ती घरात कामाला लागायची आणि मी म्हणायचो, पाहा, उतरला. उतरला कशाचा? गोळी घशात होती आणि दुखणं छातीत.

हे मला कोणी सांगितलं नाही असंही नाही. आमच्या फाट्यावर मेडिकलचं दुकान आहे. दुकानदार मुसलमान घरचा, तोंडाचा गोड पण खरं बोलणारा. एकदा त्यानं पाकीट हातात दिलंच नाही.

"काका, ये गले की गोली है, छाती की नहीं. काकीले यवतमाळले न्या. फोटो काढा छातीचा."

"तू दुकानदार हायेस का डाक्टर?"

"दुकानदार हाय, म्हनून तर इकून राह्यलो. पन माह्यी अम्मी असती तर इकली नसती."

मी पाकीट हिसकल्यासारखं घेतलं आणि निघालो. वाटभर त्याला शिव्या दिल्या. खोटं बोलला असता तर एवढा राग आला नसता.

यवतमाळला काहून नेलं नाही, असं आता जो तो विचारतो. माझ्याजवळ उत्तर आहे आणि ते लाजिरवाणं आहे. तिला नेलं असतं तर डॉक्टरनं विचारलं असतं, घरात काय आहे. मग कापूस काढावा लागला असता, पडत्या भावात द्यावा लागला असता, आणि ज्यांनी माल धरून ठेवला होता ते पारावर बसून मला हसले असते. म्हातारा घाबरला म्हणाले असते. त्या हसण्यासाठी मी चार महिने अडून बसलो. मुलगी यवतमाळला दिलेली आहे. तिनं फोनवर दर वेळी तेच म्हटलं, "बाबा, आईला घेऊन या." शेवटी तिच्या भांडणाला कंटाळून मी कबूल झालो. येत्या सोमवारी आणतो म्हटलं.

तो रविवार म्हणजे त्या सोमवारच्या आधीचा.

आता पुन्हा ओट्यावर येतो. तिनं हात पुढे केला तेव्हा मी काय बोललो?

"आज कोन्ता वार हाय, माहीत हाय ना तुले? का आज पाप सुट्टीवर गेलं?"

ती हसली नाही, उलटून बोललीही नाही. पन्नास वर्षांत माझं एक बोलणं तिनं खाली पडू दिलं नव्हतं. तिनं गोळी तोंडात ठेवली, डोळे मिटले आणि भिंतीला टेकली. मी माझी कडाकडा फोडली. ती दात लावू नका म्हणाली नाही.

आणि मला कळलं नाही! इतके रविवार जिनं खोकत काढले, पण नेम मोडला नाही, तिनं त्या दिवशी आपण होऊन गोळी मागितली, आणि मी थट्टा केली. बैल चारा सोडतो तेव्हा मला न पाहता कळतं. कापसाच्या पऱ्हाटीचं पान जरा लाल पडलं तर बांधावरून कळतं. बायको हातभर अंतरावर बसली होती.

गोळी तोंडात असतानाच तिला श्वास पुरेना. शेजाऱ्यानं ऑटो काढला. दवाखाना यायच्या आधी, रस्त्यातच, तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. डॉक्टरनं पाहिलं आणि म्हणाला, खूप उशीर केला, बाबा. मी म्हटलं, माहीत आहे. गोळी अर्धी विरघळून तिच्या गालात राहिली होती. ती मी बोटानं काढली. दात लागलेला नव्हता.

मुलगी आली, मेहुणा आला. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. माणसं घरी परतली तर बसायला जागा नाही. घरात कापूस. बायका अंगणात बसल्या, माणसं रस्त्यावर उभी राहिली. तिला शेवटचं टेकवायलाही खाट उभी करून जागा करावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी उजाडल्यावर मी डालं घेतलं आणि खाटेजवळचा कापूस अंगणात नेऊन टाकू लागलो. मेहुणा धावत आला.

"भाऊजी, डोकं ठिकान्यावर हाय का? काल बाई गेली अन् आज माल काढता? सुतक हाय घरात. लोक काय म्हनतीन?"

"चार महिने लोक काय म्हनतीन तेच पाहून राह्यलो होतो. सरक."

"अन् अंगनात मातीत मिसळून राह्यला माल. भाव कोन देईन?"

"भाव तुले पायजेन तर तू उचलून ने."

तो बडबडत बाहेर जाऊन बसला. पदर खोचून मुलीनं दुसरं डालं उचललं. गुडघे दुखत होते, दुखू दिले. समोरची खोली रिकामी झाली, मग मागची. आतला कापूस तुडवून तुडवून असा घट्ट बसला होता की ओढून तोडावा लागत होता. तिच्या पायांनी बसवलेला तो. धूळ नाकातोंडात गेली आणि मला खोकल्याची उबळ आली. वाकून भिंत धरावी लागली.

शेवटी खिडकी लागली. कडी गंजली होती. दगडानं ठोकून उघडली. वारा आत आला, कोपऱ्यातला उरलेला कापूस हलला. त्याच खिडकीच्या कोनाड्यात तिची तपकिरीची जुनी डबी सापडली. उघडली तर आत गोळ्या. सुरुवातीच्या रविवारी मी द्यायचो त्या तिनं नको म्हणून परत दिल्या नव्हत्या. ठेवून दिल्या होत्या. वर तुडवायला चढताना तिथे ठेवल्या असतील आणि मग कापूस वाढला तशा आत गडप झाल्या.

माझा खोकला थांबेना. मुलीनं डबीतली एक गोळी काढून माझ्यापुढे धरली.

"घ्या, बाबा. बरं वाटंन."

"नको," मी म्हटलं. "खोकू दे."

डबी खिशात टाकली, डालं उचललं आणि उरलेला कापूस काढायला लागलो.