तीन भोकांचं ऑपरेशन

माझ्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन दोनदा झालं. पहिलं दुर्बिणीतून, दुसरं चिरा देऊन. दुसरं करावं लागलं ते माझ्यामुळे, असं मी मानते. डॉक्टर तसं मानत नाहीत. पण डॉक्टरांना सगळं ठाऊक नाही.

देवळी गावात आमचं जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे. मुख्य माल सरकीची ढेप, म्हणजे पेंड. चाळीस वर्षं पोती उचलून नवऱ्याच्या उजव्या जांघेत गाठ आली. तो आडवा झाला की आत जायची, उभा राहिला की बाहेर यायची. दोन वर्षं त्याने ती लपवली. मला दिसली तेव्हा ती लिंबाएवढी होती.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी दोन्ही रस्ते सांगितले. जाळी दोन्हीत बसवावी लागते. चिरा देऊन केलं तर कमरेत सुई देतात, खालचं अंग बधिर होतं आणि माणूस जागा राहतो. दुर्बिणीतून करायचं तर पूर्ण भूल. त्यात दुखणं कमी, माणूस लवकर हिंडू-फिरू लागतो. गाठ परत येण्याची थोडी भीती दोन्हीकडे. "तुमची तब्येत दोन्हीला चालेल. तुम्हीच ठरवा," ते नवऱ्याला म्हणाले.

नवरा म्हणाला, "मले जागंच ठेवा डॉक्टरसाहेब. झोपवलं अन् उठलोच नाई तं?"

"उठता बरोबर," मी म्हटलं. "दुर्बिणीतूनच करा."

दुखणं कमी होईल म्हणून सांगते, असं मी त्याला म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. मला तो दिवाळीआधी दुकानात हवा होता.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी घरी आलो. आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन झालं की लोक पाहायला येतात, आणि पाहायला म्हणजे जखमच पाहायला. समोरच्या वखारवाल्याचं हेच दुखणं आदल्या वर्षी चिरा देऊन झालं होतं. तो ओसरीत खाटेवर पडून येईल त्याला टाके दाखवायचा. बाया हळहळायच्या. दोन महिने त्याच्या बायकोने त्याला पाण्याची बादली उचलू दिली नाही. माझ्या नवऱ्याच्या पोटावर मात्र तीन पट्ट्या, बस. वखारवाला स्वतः पाहून गेला.

"हे तं डास चावल्यावानी आहे बे," तो म्हणाला. "मी फुकटच पोट फाडून घेतलं."

सगळे हसले. मीही हसले. आणि आत काही कापलेलंच नाही, असं माझ्या डोक्यात बसलं. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, सहा आठवडे वजन उचलू नये. मी चौथी शिकलेली आहे. तो कागद मीच त्याला वाचून दाखवला होता. कळलं नाही असं मला म्हणता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात आमचा हमाल सासुरवाडीला गेला आणि त्याच दिवशी एक जुनं गिऱ्हाईक ऑटो घेऊन आलं. चार पोती ढेप हवी होती. नवरा म्हणाला, "उद्या येजो भाऊ, आज उचलाले कोनी नाई."

मी आत तराजूजवळ होते. तिथूनच म्हटलं, "तीन भोकं काय पडली पोटाले, बाळंतिनीसारखे बसून राह्यले. गिऱ्हाईक वापस चाललं, दिसत नाई का?"

गिऱ्हाईक हसलं. नवरा उठला. चारही पोती त्याने पाठीवर घेऊन ऑटोत टाकली. शेवटचं टाकून आला तेव्हा त्याचा हात जांघेवर होता. मी पाहते हे कळताच त्याने हात काढला. मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर गाठ पुन्हा वर आली.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "वजन उचललं होतं का?"

"उचललं," नवरा म्हणाला. "माह्यं मीच. ही नाईच म्हने, मीच ऐकलं नाई."

मी त्याच्या बाजूच्या स्टुलावर होते. डॉक्टर म्हणाले, त्यानेच झालं असं सांगता येत नाही, कधी जाळी आपोआपही सरकते. पण थांबायला हवं होतं. एकदा आतून केलंय, तेव्हा आता वरून चिरा देऊन करू. नवऱ्याने मान डोलावली. मी पिशवीतले रिपोर्ट लावत बसले, ते लावलेलेच होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन असं सांगितलं?"

"मंग काय, तुले चारचौघात बोलनी खाऊ घालू?"

दुसऱ्या वेळी तो जागा होता, त्याला हवं होतं तसा. पण घरी आल्यावर आठ दिवस खाटेवरून उठताना माझा खांदा धरावा लागला. खोकला आला की उशी जांघेवर दाबून धरायचा. लोक पाहायला आले. मी त्याला तांब्यासुद्धा उचलू देईना. एकदा त्याने हात पुढे केला तर मी तांब्या ओढून घेतला.

"आता टाके दिसून राह्यले म्हनून का?" तो म्हणाला. रागाने नाही. मी पाणी दिलं आणि दुकानात गेले.

मुलगी नागपूरला असते. ती रोज संध्याकाळी फोन करून त्याला झापायची. "बाबा, या वयात पोते उचलता? काही समजते का तुमाले? आईनं किती करायचं तुमचं?" तो म्हणायचा, "हो बाई, चुकलं." महिनाभर हे चाललं. फोन स्पीकरवर असायचा, मी बाजूला बसून भाजी निवडत ऐकायचे. मग एक दिवस ती म्हणाली, "आईच्या जागी मी असती तं सोडून गेली असती तुमाले." त्यालाही तो हो म्हणाला.

मी फोन घेतला. म्हटलं, "त्याइनं नाई उचललं मनानं. मी उचलाले लावलं."

"तू नको त्याइची बाजू घेऊ आई."

मी नवऱ्याकडे पाहिलं. वाटलं, हा हो म्हणेल. पण तो दुखरी बाजू सांभाळत भिंतीकडे वळला. मग मी गिऱ्हाइकासमोर काय बोलले ते मुलीला शब्दन् शब्द सांगितलं.

"हे तूच बोलू शकते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता तिचा फोन येतो तेव्हा ती बाबांशी बोलते, जेवले का, चालले का विचारते. मग विचारते, आई बरी आहे ना. तो म्हणतो, बरी आहे. मी समोरच असते.