अर्धं उघडं शटर

उचगावात आमच्या समोर क्रांती माने राहते. पुण्यातल्या कंपनीचं काम ती घरातूनच करते. पण घरात सासऱ्यांचा टीव्ही दिवसभर बोंबलतो. शेवटी तिनं गॅरेज ताब्यात घेतलं. गाडी काय, त्यांच्याकडं कधी आलीच नव्हती. उन्हानं तापू नये म्हणून पत्र्यावर चुना मारला, जुन्या बाजारातलं दार दोन स्टुलांवर आडवं टाकून टेबल केलं. एसी परवडेना, म्हणून वाऱ्यासाठी शटर अर्धं उघडं ठेवलं.

इथंच चुकलं. आमच्याकडं शटर उघडं म्हणजे दुकान! जो तो वाकून आत. "ताई, झेरॉक्स हाय का?" "रिचार्ज मारा की!"

मी म्हटलं, "अगं, हाकलून दे एकेकाला!"

तिनं पाटी लावली : 'हे दुकान नाही. इथं काही मिळत नाही.'

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तानाबाई पाटी वाचून आत शिरल्या. "मिळत न्हाय ते कळलं की. पर माझं लाईटबिल तेवढं भर, पोरी. मोबाईलवर मला जमत न्हाय."

क्रांतीनं भरलं. झालं! आता रोज जेवणाच्या सुट्टीत ती लोकांची बिलं भरत बसते, तेही फुकट. माझं डोकंच फिरतं. हिनं भाकरी खायची कधी?

परवा बघतो तर पाटीखाली नवं बाकडं.

"हे कुणी ठेवलं?" मी ओरडलो.

"मीच, काका. म्हातारी माणसं उन्हात उभी राहत्यात की."

मी खिशातलं लाईटबिल काढलं आणि बाकड्यावर बसलो.